आधी तार, मग माती (लेखांक ४)

शाडूच्या गणपतीला आत तार लागत नाही, कारण तो बसलेला असतो. मांडी, पोट, आसन असा सगळा भार खालीच. उभी माणसाची आकृती करायला घेतली की तोच भार दोन घोट्यांवर येतो आणि ओली माती आधी तिथेच खचते. म्हणून आत तारेचा सांगाडा, म्हणजे आर्मेचर.

३० सेंटिमीटर उंचीच्या आकृतीला ४ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार पुरते. लोखंडी तार स्वस्त असते, पण ओल्या मातीत गंजते. कागदावर आकृतीचं त्याच मापाचं चित्र काढा, समोरून आणि बाजूनं. डोकं ४ सेंटिमीटरचं धरा, म्हणजे साडेसात डोक्यांत उंची बसते. तार चित्रावर ठेवून पक्कडीनं वाकवा. वाक फक्त सांध्यांवर द्यायचा. खांदे आणि कंबर मात्र चित्रापेक्षा अरुंद ठेवा. नवशिक्यांना हे पटत नाही. मग खांदा घडवताना माती खरवडली की तार बाहेर डोकावते आणि काम तिथेच अडतं.

पायांवर विसंबू नका. पाटावर घट्ट बसवलेली लोखंडी सळी मागून आणून माकडहाडापाशी तारेला आवळून बांधा. भार सळीनं पेलला की पाय मोकळे राहतात, टाच उचलताही येते. मग सगळ्या सांगाड्यावर बारीक तार गुंडाळा, म्हणजे माती घसरत नाही. छातीच्या पोकळीत लाकडाच्या दोन चिपा फुलीसारख्या बांधून लटकवा; तिथला मातीचा गोळा त्या धरून ठेवतात.

आता खरी परीक्षा. एका पायावर भार देऊन उभ्या माणसाचं त्या बाजूचं नितंब वर जातं आणि खांदा खाली येतो. गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडा. तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी यायला हवा. नुसती तार बघून माणूस दमलाय की निघालाय हे कळत नसेल, तर सांगाडा पुन्हा वाकवा. ढब चुकली असेल तर वर कितीही सुबक नाक काढा, उपयोग नाही.

फ्रेंच चित्रकार-शिल्पकार एडगर देगाला असले नियम मानवत नसत. १८८१ साली पॅरिसमध्ये मांडलेल्या त्याच्या मेणाच्या छोट्या नर्तकीच्या क्ष-किरण चित्रांत हातांमध्ये चक्क रंगाचे कुंचले दिसले. हाताला लागेल ते तो आत कोंबायचा. ही नर्तकी टिकली, पण १९१७ मध्ये तो गेल्यावर त्याच्या स्टुडिओत मेणामातीच्या कितीतरी आकृती मोडक्या अवस्थेत सापडल्या. त्याच्या धाडसाचं मला कौतुक आहे, पण शिकताना त्याचा कित्ता गिरवू नये.

आणखी एक. हे काम भट्टीत घालायचं नाही. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, तडे ठरलेलेच. साचा घेईपर्यंत आकृतीवर ओलं फडकं आणि प्लास्टिक ठेवा. माती चढवायला पुढच्या आठवड्यात सुरुवात करू, कमरेपासून.