जुन्या रेसिंग सायकलचं पायडल ओळखायचं कसं?

जुनी रेसिंग सायकल दुरुस्तीला काढली की सगळ्यांचं लक्ष रंग, चाकं आणि गिअरकडे जातं. पायडल मात्र ‘कुठलंही चालेल’ म्हणून बसवलं जातं आणि त्या नादात चांगल्या क्रँकचे आटे जातात. म्हणून पायडलचे प्रकार आणि त्यांवरच्या खुणा समजून घेऊ या.

आपल्याकडच्या काळ्या, दणकट सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडलं असत. चप्पल घालून चालवायला ती उत्तम. युरोपातल्या शर्यतीच्या सायकलींना मात्र धातूच्या चौकटीची पायडलं असत. त्यांतले तीन प्रकार मुख्य.

‘क्विल’ पायडलमध्ये पुढची आणि मागची पट्टी बाहेरच्या टोकाला वळून एकमेकींना जोडलेली असते. मागे बहुधा छोटीशी जीभ असते. ती बुटाच्या टोकाने दाबली की उलटं झालेलं पायडल सरळ होतं. इटलीच्या कॅम्पाग्नोलो कंपनीचं ‘रेकॉर्ड’ हे या प्रकारातलं गाजलेलं पायडल. ‘ट्रॅक’ पायडलच्या दोन्ही पट्ट्या सुट्या असतात, त्यामुळे वळणावर सायकल कलली तरी बाहेरची कड जमिनीला घासण्याचा धोका कमी. ‘प्लॅटफॉर्म’ पायडलला पाय टेकायला सपाट, रुंद जागा असते. फ्रान्सच्या लिओतार कंपनीने असं एक पायडल काढलं आणि त्याला मार्सेल बेर्ते या विक्रमवीर सायकलपटूचं नाव दिलं.

या पायडलांवर ‘टो-क्लिप’ म्हणजे बुटाचं टोक अडकवायची कमान आणि चामडी पट्टा लावत. पट्टा घट्ट आवळला असेल, तर थांबण्याआधी तो हाताने सैल करावा लागे. पुढे स्कीच्या बाइंडिंग बनवणाऱ्या फ्रान्सच्या लूक कंपनीने खटकन बूट अडकणारं पायडल आणलं. १९८५ साली बर्नार इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. त्यात बूट अडकतो, तरी नाव ‘क्लिपलेस’, कारण जुनी टो-क्लिप त्यात नाही!

आता सर्वांत महत्त्वाचं, आटे. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. त्यामुळे चालवताना पायडल आपोआप सैल होत नाही. लक्षात ठेवायला सोपं : पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की पायडल आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. हा नियम दोन्ही बाजूंना लागू.

बहुतेक रेसिंग सायकलींचा आस ९/१६ इंची, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर. जुना फ्रेंच आस मात्र १४ मिलिमीटर. फरक केसाएवढा, पण फ्रेंच क्रँकमध्ये ९/१६ इंची पायडल जोर लावून घुसवलं तर आटे खराब होतात आणि उलट केलं तर पायडल ढिलं राहतं.

आसावरची अक्षरंही वाचा. इंग्रजीत ‘एल’ डावं, ‘आर’ उजवं. फ्रेंच पायडलवर ‘जी’ डावं, इटालियनवर ‘एस’ डावं आणि दोन्हीकडे ‘डी’ म्हणजे उजवं.

पायडल आधी हातानेच फिरवून बसवा. दोन-तीन वेढे सहज गेले तरच पान्याला हात लावा. अडलं तर थांबा आणि आस मोजा. जुन्या क्रँकची जोडी आज सहजी मिळत नाही.