छोट्या कुत्र्याचा बो : काम फितीचे, हिशेब मजुरीचा

कुत्र्याच्या डोक्याला रिबिनीचा बो! ऐकले की पहिल्यांदा हसूच येते. श्रीमंतांचे चोचले म्हणून आपण मोकळे होतो. पण हसून झाल्यावर व्यापारी माणसाने एक प्रश्न विचारायचा असतो. हा बो बनवतो कोण, आणि बनवणाऱ्याच्या हातात काय पडते?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिह त्झू, माल्टीज, लासा आप्सो, यॉर्कशायर टेरियर अशी लांब केसांची लहान कुत्री पाळणारी घरे आता सहज दिसतात. या कुत्र्यांचे केस वाढतच राहतात. ते डोळ्यांवर येतात, टोचतात, डोळ्यांतून पाणी वाहू लागते. म्हणून डोक्यावरचे केस उचलून बांधावे लागतात. बो ही शोभा असली तरी केस बांधणे ही गरज आहे. शिवाय फीत मळते, रबर सैल पडते. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येते. कुत्र्यांना आंघोळ घालून केस कापणारी सलून तर काम झाले की दोन्ही कानांवर एकेक बो लावून कुत्रा मालकाच्या हवाली करतात. त्यांना हा माल जोडीने आणि शेकड्याने लागतो.

विणकरांचा कुत्रा

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना एक गोष्ट सांगण्याजोगी वाटते. बो बांधलेला जो यॉर्कशायर टेरियर आज उंची घरांत मिरवतो, तो मूळचा गिरणी कामगारांचा कुत्रा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांकडे आले. उंदीर मारणारी आपली छोटी कुत्री त्यांनी बरोबर आणली. त्यांतूनच ही जात घडली. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ‘हडर्सफील्ड बेन’ 1865 साली जन्मला. हडर्सफील्ड हे लोकरी कापडाचे गाव. पुढे तोच कुत्रा प्रदर्शनांत गेला. आज अमेरिकन केनेल क्लबच्या नियमात त्याचे वजन 7 पौंडांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे, आणि डोक्यावरचे केस मध्ये एका बोने किंवा भांग पाडून दोन बोंनी बांधावेत असेही म्हटले आहे.

काम कसे होते?

ज्या भगिनींनी राख्या बांधल्या, फॉल-पिको केले किंवा ड्रेसवर लेस लावली, त्यांना हे काम अवघड नाही. फीत दोन प्रकारची वापरतात. एक गुळगुळीत सॅटीनची आणि दुसरी आडव्या रेघांची, जिला बाजारात ग्रोसग्रेन म्हणतात. दुसरी थोडी ताठ असल्यामुळे बोचा आकार टिकतो. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी येथे हा माल घाऊक मिळतो.

साधारण दीड इंच रुंदीच्या दुहेरी बोसाठी अर्ध्या ते पाऊण इंच रुंदीची फीत 7 इंच लागते. एक तुकडा पावणेचार इंचांचा, दुसरा सव्वातीन इंचांचा. म्हणजे 100 बोंना सुमारे 18 मीटर. वाया जाणारी धरून 20 मीटर घ्यावी. कापलेली टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली की पॉलिएस्टर किंवा नायलॉनची फीत वितळून कड बंद होते, धागे सुटत नाहीत. सुती फीत वितळत नाही, जळते. ती या कामाला घेऊ नये. प्रत्येक तुकड्याची टोके अर्धा इंच एकमेकांवर ठेवून कडे करावे. मोठ्या कड्यावर लहान कडे ठेवून मधोमध चुणी घालावी आणि मजबूत धाग्याने आवळून बांधावे. मागे छोटे रबर ठेवून त्यावरून पाव इंची फितीचे दोन वेढे घ्यावेत आणि सुईने शिवून टाकावेत. नुसत्या गरम गोंदावर भिस्त ठेवू नये. ओढाताणीत तो सुटतो.

इथे निष्काळजीपणा चालत नाही

हा माल मुक्या जनावराच्या अंगावर जातो. तीन किलोच्या कुत्र्याला जड बो म्हणजे ओझे आहे. सुटलेला मणी किंवा टिकली कुत्रा गिळू शकतो, म्हणून मणी लावायचा तर शिवूनच लावावा, नाहीतर लावूच नये. सर्वांत मोठा धोका कानाचा. रबर केसांवर न बसता कानाच्या पाळीवर बसले तर रक्त थांबते आणि कान कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून पाकिटात मराठीत आणि इंग्रजीत एक चिठ्ठी घालावी: ‘रबर फक्त केसांना बांधा, कातडीला लागू देऊ नका. काढताना ओढू नका, कात्रीने रबर कापा.’ या चिठ्ठीला खर्च काहीच नाही, पण दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक तुमचेच पाकीट मागेल.

मजुरी धरली का?

आता मुद्द्याची गोष्ट. गोवंडी, मुंब्रा, भिवंडीच्या घराघरांतून स्त्रिया नगावर काम करतात आणि दिवसाचा हिशेब कधी मांडत नाहीत. तो मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, 100 बोंना फीत, रबर, धागा, पाकीट मिळून 300 रुपये लागले. तासाला 12 बो झाले तर 100 बोंना आठ तासांहून थोडा जास्त वेळ, म्हणजे पुरा दिवस जातो. त्याची मजुरी 500 रुपये धरली की झाले 800. वाया गेलेला माल आणि जाण्यायेण्याचे भाडे यासाठी 80 रुपये धरा. एकूण 880. म्हणजे एका बोची घरातली किंमत आठ रुपये ऐंशी पैसे. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

याच बोला दलालाने 6 रुपये दिले तर 600 हातात येतात. त्यातून 380 वजा जाता दिवसभराच्या मेहनतीचे उरतात 220. घरी बसल्या चार पैसे मिळाले असे वाटते, पण खरे तर 280 रुपये आपल्या खिशातून दलालाच्या खिशात गेलेले असतात. हुनर आपले, डोळे आपले, आणि बरकत दुसऱ्याच्या घरी!

उपाय सोपा आहे. दहा जोड्यांचा नमुना करून जवळच्या दोन-तीन सलूनमध्ये, जनावरांच्या डॉक्टरांकडे, पाळीव प्राण्यांच्या दुकानात स्वतः दाखवावा. पहिला माल रोखीने द्यावा. उधारी द्यायचीच तर मुदत लिहून घ्यावी. चार-पाच भगिनींनी मिळून फीत घेतली तर घाऊक भाव मिळतो. सरकारची ‘उद्यम’ नोंदणी 2020 पासून मोफत होते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. राज्याबाहेर माल पाठवण्याआधी मात्र जीएसटीबाबत जाणकाराला विचारून घ्यावे.

काही वाचकांच्या मनात येईल, कुत्र्याचे काम आपण करावे का? बो बनवणाऱ्याला कुत्र्याला हात लावावा लागत नाही. तो फीत बांधतो आणि विकतो. तरीही शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे आणि मन साफ करूनच कामाला लागावे.

लहान कामाला लाजू नये. लाजायचे असेल तर आपल्या मेहनतीचा हिशेब न ठेवण्याला लाजावे. पहिला बो बांधण्याआधी वही उघडा, आणि पहिल्या ओळीत फितीचा भाव नव्हे, आपली मजुरी लिहा.