कियांतीत सायकलवर सुट्टी: किलोमीटर नव्हे, चढ मोजा

इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांना जोडणारा ‘कियांतीजाना’ हा रस्ता जेमतेम ७० किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं आणि टेकड्यांवर वसलेली दगडी गावं. रविवारी सपाट रस्त्यावर ८०-१०० किलोमीटर सहज मारणाऱ्याला वाटतं, हे तर जेवणाआधीच उरकेल. सुट्टीचं नियोजन नेमकं इथेच फसतं.

फ्लॉरेन्स समुद्रसपाटीपासून सुमारे ५० मीटर उंचीवर आहे. ग्रेव्हे हे गाव २३६ मीटरवर, पण ते दरीत, म्हणजे आधी टेकडी चढून मग खाली उतरायचं. तिथून सात किलोमीटरवरचं पांझानो जवळपास ५०० मीटरवर. मग पुन्हा उतार आणि पुन्हा चढ, तो थेट ५७८ मीटरवरच्या कास्तेलिनापर्यंत. सिएना ३२२ मीटरवर आहे, म्हणून शेवटचा टप्पा बराचसा उताराचा. सगळे चढ एकत्र केले तर हजार मीटरच्या आसपास जातात. पुण्याच्या सायकलस्वारांना सिंहगडाचा चढ ठाऊक असतो; तो एकदा चढलं की संपतो. कियांतीतले चढ त्याहून लहान असतात, पण संपतच नाहीत. चढून कमावलेली उंची लगेच उतारावर खर्च होते.

चढाला किती वेळ लागतो?

हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानं काढता येतं. समजा, स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलो. बेताचा सराव असलेला माणूस तासन्‌तास टिकेल अशी साधारण १०० वॉट शक्ती निव्वळ उंची गाठण्यासाठी लावू शकतो, असं धरू. १०० किलो वजन एक मीटर वर न्यायला सुमारे ९८१ जूल लागतात. म्हणजे सेकंदाला दहा सेंटीमीटर, तासाला साडेतीनशे-पावणेचारशे मीटर. हजार मीटरसाठी पावणेतीन तास, तेही न थांबता. त्यात उतार, फोटो, पाणी, रस्ता चुकणं आणि जेवण मिळवलं की ७० किलोमीटरचा अख्खा दिवस होतो. आठ किलोचं सामान कमी केलं तर हाच वेळ आठ टक्क्यांनी घटतो. महागडी हलकी सायकल घेण्यापेक्षा तीन टी-शर्ट घरी ठेवणं स्वस्त पडतं.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं दिवसाला ३५ ते ४५ किलोमीटर आणि सहाशे-सातशे मीटर चढ एवढंच धरावं. कोणत्याही मार्ग आखणाऱ्या अ‍ॅपमध्ये एकूण चढाचा आकडा दिसतो. अंतराआधी तो पाहायचा. कास्तेलिना ते राद्दा हा साधारण ११ किलोमीटरचा रस्ता बराचसा डोंगरधारेवरून जातो, तो दमलेल्या दिवसासाठी राखून ठेवावा. राद्दा ते गायोले आणखी दहाएक किलोमीटर.

मुक्कामाबाबतही एक गोम आहे. ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणजे शेतावरचं घर छायाचित्रात फार सुंदर दिसतं, पण ते अनेकदा गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, कच्च्या रस्त्यावर आणि कधी भर उतारावर असतं. संध्याकाळी आनंदानं उतरलेला तो उतार सकाळी गार पायांनी चढावा लागतो, आणि रात्रीच्या जेवणासाठी गावात जायचं तर आणखी एकदा. रोज मुक्काम बदलण्यापेक्षा एकाच गावात तीन-चार रात्री राहून वेगवेगळे फेरे मारणं बऱ्याच जणांना मानवतं. सामान खोलीवरच राहतं, आणि पाऊस आला तर दिवस वाया गेल्याची हळहळ कमी होते.

सायकल न्यावी की भाड्यानं घ्यावी?

इथे भाड्यानं घेणंच शहाणपणाचं. मोटर असलेली ई-बाइक हवी असेल तर दुसरा पर्यायच नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-बाइकची बॅटरी सहसा ४०० च्या वर असते. युरोपात अशा सायकलची मोटर ताशी २५ किलोमीटरनंतर साथ सोडते. चढावर त्यानं काही बिघडत नाही, कारण तो वेग तिथे येतच नाही. साधी सायकल घेणार असाल तर पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढी किंवा त्याहून लहान आहे ना, हे दुकानात आधी विचारावं. टायर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद हवेत, कारण इथले खडीचे पांढरे रस्ते, ‘स्त्रादे बियांके’, टाळले तर निम्मी मजा जाते. गायोलेत १९९७ पासून ऑक्टोबरमध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते, ती याच रस्त्यांवर.

ऋतू निवडताना जुलै-ऑगस्ट सोडावेत. पारा ३५ च्या वर जातो आणि चढावर सावली नसते. एप्रिल ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते, त्यामुळे बघायला खूप, पण खोल्या लवकर भरतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात सायकलिंग धरलेलं आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्यावं.

वाइनचं काय?

कियांती क्लासिको वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेसे जातीची द्राक्षं असावी लागतात. हीच जात आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही लावली जाते, तीही इटालियन भागीदारांच्या साथीनं. चव घेणं हा या सहलीचा अर्धा हेतू. पण इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि ती सायकलस्वारालाही लागू होते. कायदा बाजूला ठेवला तरी चार चवींनंतर वळणावळणाचा उतार, रस्त्याची उजवी बाजू आणि डावीकडून जायची आपली सवय हे मिश्रण वाईट. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कुणाला गैर वाटत नाही. त्याहून सोपं म्हणजे वाइनरीची वेळ दिवसाच्या शेवटी, मुक्कामाच्या गावातच ठरवायची.

जेवणाची वेळही पाळावी लागते. दुपारी अडीचच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती संध्याकाळी साडेसातपर्यंत. तीन वाजता पांझानोचा चढ उपाशीपोटी चढायचा नसेल तर पिशवीत चिक्की असावी. पेढे-बर्फी मात्र नकोत. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

बाटल्यांवरच्या काळ्या कोंबड्याची एक दंतकथा इथे सांगतात. फ्लॉरेन्स आणि सिएना यांनी हद्द ठरवण्यासाठी पैज लावली: कोंबडा आरवताच दोन्हीकडून स्वार निघतील, भेटतील तिथे सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो पहाटेआधीच आरवला, आणि स्वार सिएनाच्या अगदी जवळ, फोन्तेरुतोलीपर्यंत पोचला. हे गाव कास्तेलिनाच्या पुढे याच रस्त्यावर लागतं.

तिथून सिएना उताराचं आहे. शहरात शिरताना मात्र पुन्हा चढ. परतीला फ्लॉरेन्सची प्रादेशिक रेल्वे मिळते, सायकलचं वेगळं तिकीट काढून ती डब्यात नेता येते. पण ही गाडी एम्पोलीवरून जाते, कियांतीच्या गावांमधून नाही. वाटेत पाय गळाले तर स्टेशन गाठता येईल, या भरवशावर राहू नये.