पुराणिकाच्या मुलीची वाट

इंदुराहून मुंबईकडे निघालेला आग्रा रस्ता महूच्या पुढे मानपूर गाठतो आणि तेथून विंध्याचा घाट उतरून खलघाटाशी नर्मदा ओलांडतो. या बाजूच्या लोकांना पायी चालणारा यात्रेकरू अपरिचित नाही. खांद्यावर पडशी, हातात काठी आणि रात्रीचा मुक्काम देवाच्या स्वाधीन, अशी परिक्रमेची माणसे नर्मदाकाठी आजही दिसतात. पण अशा यात्रेत काही महिने काढणे निराळे आणि सारे बालपण काढणे निराळे. पंडिता रमाबाईंचे बालपण असे वाटेवरच गेले. आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, या महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे चघळल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते त्या वाटेवरच शोधावयास हवे.

एरवी या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे दिली जातात. रमाबाई विलायतेस गेल्या, परक्यांच्या आश्रयास राहिल्या आणि त्यांच्या भिडेला बळी पडल्या, हे एक. अंधारात चाचपडणाऱ्या एका स्त्रीवर एकाएकी प्रकाश पडला, हे दुसरे. पहिले निंदकांचे, दुसरे भक्तांचे. दोन्ही पक्ष १८८३ या सालापाशी त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात, आणि तेथेच त्यांची चूक होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकताना ऐकले होते, आणि आपल्या पत्नीलाही ते शिकवावयाचे असा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी त्यांना धर्मसभेपुढे जाऊन शास्त्राधार दाखवावे लागले. मुलगी सहा महिन्यांची असताना ते कुटुंब यात्रेस निघाले. तिला वेताच्या टोपलीत घालून, ती टोपली डोक्यावर घेऊन गडी चालत होता. पुढे लक्ष्मीबाईंनी, म्हणजे आईने, पहाटे अंधारात उठवून या मुलीकडून भागवताचे हजारो श्लोक पाठ करून घेतले. वेद मात्र शिकविले नाहीत. तेवढी मर्यादा अनंतशास्त्र्यांसारख्या बंडखोरानेही पाळली.

कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर चाले. देवळाच्या मंडपात, झाडाखाली किंवा नदीकाठी पोथी उघडून मोठ्याने वाचावयाचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने पैसा, धान्य, फळ पोथीपुढे ठेवावयाचे. ऐकणाऱ्यास संस्कृत कळत नसे आणि अर्थ सांगितलाच पाहिजे असे पुराणिकावर बंधन नव्हते. पवित्र शब्द कानावर पडले की पुण्य मिळाले! रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात ही गोष्ट मुद्दाम नोंदविली आहे. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली मला येथे दिसते.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. जे काही होते ते ब्राह्मणभोजनांत, दानांत व व्रतांत संपले. देव प्रसन्न होईल म्हणून शास्त्रात सांगितलेले एकही अनुष्ठान या कुटुंबाने सोडले नाही. १८७४ साली थोड्याच अवधीत वडील गेले, आई गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास दोनच ब्राह्मण पुढे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी म्हणून तिरडीचे टोक खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावे लागले. स्मशान जवळ नव्हते. वडिलांनी मरताना या धाकट्या मुलीस सांगितले होते की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. ही आज्ञा त्या कधीही विसरल्या नाहीत. फक्त तो देव कोण, हा प्रश्न उरला.

पुढे बहीणभाऊ अनवाणी उत्तरेत काश्मीरपर्यंत हिंडून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. तेथेच त्यांच्या हाती प्रथम बायबल आले, तेही संस्कृत भाषेतील. आणि गंमत अशी की या सरस्वतीला ते मुळीच उमगले नाही! केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्याचा आग्रह केला. बापाने घातलेली मर्यादा ओलांडून त्या वेद व उपनिषदे वाचू लागल्या, धर्मशास्त्राचे ग्रंथही पाहिले. स्त्री व शूद्र यांना मोक्षाचा सरळ मार्ग तेथे सापडेना. श्रद्धा ढळली ती अशी पुराव्याने, कोणा पाद्र्याच्या व्याख्यानाने नव्हे. १८८० साली भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी दास यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले. आसामातील त्या अल्पकालीन संसारातच घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत मिळाले होते. ते मात्र कळले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा होत होती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. येशू त्या पतित गणलेल्या परजातीच्या बाईशी विहिरीवर बोलतो आणि सांगतो की, खरी उपासना या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पाय झिजवीत वाढलेल्या मुलीच्या कानी हे शब्द कसे पडले असतील याची आपणच कल्पना करावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहानग्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

भिडेला बळी पडल्या म्हणणाऱ्यांनी यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार जरूर पाहावा. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच टाकले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिनला, स्पष्ट कळविले. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, असाही वाद घातला. बापाने दिलेली ही पृच्छकबुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुवून गेली नाही. किंबहुना आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असेच त्यांनी त्या वर्षांविषयी मागाहून म्हटले. ते समाधान त्यांना १८९१ च्या सुमारास लाभले.

शारदा सदनाचा वाद सर्वश्रुत आहे. मुली प्रार्थनेस बसू लागल्या म्हणून १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माबाबत तटस्थतेच्या भरवशावर मुली ठेवणाऱ्या पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली उचलून केडगावी आणणारी हीच बाई होती. लहानपणी पाहिलेली भूक त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

केडगावच्या मुक्ती सदनात पन्नाशीच्या सुमारास त्या हिब्रू व ग्रीक शिकत बसल्या. बायबलाची मराठी भाषांतरे उपलब्ध होती, पण ती संस्कृतप्रचुर म्हणून त्यांना पसंत नव्हती. शेतात खपणाऱ्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता क्षणी कळेल अशी भाषा त्यांना हवी होती; म्हणून ज्या भाषेने त्यांना ‘सरस्वती’ केले तिचेच शब्द त्या शक्य तेथे वगळीत गेल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. त्याची छपाई सदनाच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळविण्यास आश्रमातल्या मुलीच बसल्या होत्या.