घरातील मीडिया सर्व्हर : अडखळणारे चित्र आणि डेटाची बचत

चित्रपट, संगीत, मुलांचे पाठ आणि घरगुती समारंभांच्या चित्रफिती एका संगणकावर साठवून त्या घरातील दूरचित्रवाणी संचावर अथवा मोबाइलवर पाहण्याची सोय आज अनेक कुटुंबांत करण्यात येते. अशा संगणकास मीडिया सर्व्हर म्हणतात. या कामासाठी २०१८ साली सुरू झालेली जेलीफिन ही मुक्त व विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. याच पद्धतीने शाळेतही धड्यांच्या चित्रफिती एकदाच उतरवून घेऊन प्रत्येक वर्गात दाखविता येतात. इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या गावी तर या सोयीचे मोल अधिकच आहे.

मात्र ऐन पाठाच्या वेळी चित्र थांबते, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि वर्गाचे लक्ष उडते. काही घरी डेटाची मर्यादाही महिना संपण्यापूर्वीच ओलांडली जाते. अशा वेळी अधिक वेगाची जोडणी घेण्याकडे कल असतो. परंतु पुष्कळदा दोष जोडणीत नसतोच.

चित्र का थांबते ?

चित्र दाखविणारे उपकरण पुढचा थोडा भाग आगाऊ साठवून ठेवते. हा साठा म्हणजे गच्चीवरील टाकीच होय. टाकीत येणारे पाणी खर्चापेक्षा कमी पडले की नळ कोरडा पडतो. तसेच येथे घडते. चित्रफितीस दर सेकंदाला किती बिट लागतात, यास बिटरेट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १० मेगाबिट बिटरेटची फीत सेकंदाला सव्वा मेगाबाइट आणि तासाला साडेचार गिगाबाइट एवढी माहिती वाहून नेते.

रूपांतराचा भार

उपकरणास फितीची सांकेतिक पद्धती समजली, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवितो. समजली नाही, तर चित्र चालू असतानाच तिचे रूपांतर करावे लागते. यास ट्रान्सकोडिंग म्हणतात. २००३ साली मान्य झालेली एच. २६४ पद्धती बहुतेक सर्व उपकरणांना अवगत आहे. २०१३ सालच्या एच. २६५ पद्धतीत तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये मिळतो. मात्र जुन्या संचांना ती उमजत नाही. मग सर्व्हरच्या प्रोसेसरवर ताण येतो. चित्ररूपातील उपशीर्षके निवडल्यासही अनेकदा संपूर्ण फितीचे रूपांतर करावे लागते. कारण ती अक्षरे प्रत्येक चौकटीवर उमटवावयाची असतात.

यावर तीन उपाय आहेत. फिती आगाऊ, शक्यतो रात्री, हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनाने एच. २६४ मध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात. उपशीर्षके मजकुराच्या स्वरूपात घ्यावीत. तसेच प्रोसेसरमध्ये चित्ररूपांतराची स्वतंत्र यंत्रणा असल्यास ती सर्व्हरच्या मांडणीतून सुरू करावी. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ही सोय २०११ पासून आहे.

घरातील मार्ग

सर्व्हर वाय-फायवर ठेवणे ही नेहमी आढळणारी उणीव होय. त्यामुळे तीच माहिती सर्व्हरकडून राउटरकडे आणि राउटरकडून संचाकडे अशी दोनदा हवेतून जाते. सर्व्हर तारेने जोडल्यास हा भार निम्मा होतो. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा दूरवर पोहोचतो, पण तेथे शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ या तीनच. जवळच्या खोलीसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सरस ठरतो. तार जोडूनही सर्व प्रश्न मिटतात असे नाही. अनेक दूरचित्रवाणी संचांच्या तारेच्या जोडणीची मर्यादा १०० मेगाबिट असते, हे उच्च बिटरेटच्या फिती पाहताना ध्यानात ठेवावे.

डेटा कोठे खर्च होतो ?

घरातल्या घरात पाहिलेल्या फितीस इंटरनेटचा डेटा लागता कामा नये. तो लागत असेल, तर संच सर्व्हरशी थेट न बोलता बाहेरच्या मार्गाने जोडला गेला आहे काय, हे पाहावे. बाहेरगावचे नातलग पाहत असतील, तर घरच्या जोडणीचा अपलोड वेग निर्णायक ठरतो. तो २० मेगाबिट असेल आणि तिघे ८ मेगाबिटची फीत पाहू लागले, तर मागणी २४ वर जाते आणि तिघेही अडखळतात. प्रत्येकास ४ मेगाबिटची मर्यादा घातल्यास काम भागते. मात्र अशा फितीसही तासाला १.८ गिगाबाइट लागतात, हे मोबाइलवर पाहणाऱ्यांनी विसरू नये. बाहेरून प्रवेश देताना भक्कम पासवर्ड ठेवावा आणि प्रणाली अद्ययावत राखावी.

तपासणीचा क्रम

चित्र अडखळत असताना सर्व्हरच्या नियंत्रण पानावर फीत थेट जात आहे की तिचे रूपांतर होत आहे, हे प्रथम पाहावे. रूपांतर होत असल्यास फितीची पद्धती व उपशीर्षके तपासावीत. फीत थेट जात असूनही अडथळा असल्यास संच तात्पुरता तारेने जोडून पाहावा. अडथळा दूर झाला तर दोष वाय-फायचा समजावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला ते कळते.

या साऱ्यास फारसा खर्च नाही. शाळेत तर पाठापूर्वी त्याच संचावर पाच मिनिटे फीत चालवून पाहण्याचा नेम ठेवला, तरी वर्गाचा पुष्कळ वेळ वाचेल आणि शिक्षकांचा या साधनावरील विश्वासही टिकून राहील.