रचना स्पर्धा आणि उद्याचा अभियंता : जबलपूरच्या निमित्ताने

ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेची चर्चा करताना आपण पदवीधरांची संख्या मोजतो. पदवीधराच्या हाताला आणि बुद्धीला प्रत्यक्ष कामाची किती सवय आहे, हे मोजणे मात्र अवघड असते. केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत देशातील सुमारे ५१ टक्के युवक रोजगारक्षम असल्याचा उल्लेख आहे. याचाच अर्थ असा की, शिक्षण पूर्ण करणाऱ्या जवळजवळ निम्म्या युवकांच्या बाबतीत शिक्षण आणि काम यांच्यामध्ये दरी आहे. अभियांत्रिकी शिक्षणात ही दरी बुजवण्याचा एक मार्ग म्हणून विद्यार्थ्यांच्या रचना स्पर्धांकडे पाहिले जाते. या स्पर्धांमधून नेमके काय शिकायला मिळते, त्यांचा खर्च कोण सोसतो आणि त्यांचा लाभ अधिक विद्यार्थ्यांपर्यंत कसा पोहोचेल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात जबलपूर शहराच्या संदर्भात केला आहे.

जबलपूरची पार्श्वभूमी

जबलपूर हे नर्मदेकाठचे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे पर्यटकांना परिचित आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ते कारखान्यांचे शहर म्हणून अधिक महत्त्वाचे वाटते. येथील गन कॅरेज फॅक्टरीची स्थापना १९०४ मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथील दारूगोळा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये लष्करी वाहने बनवणारा कारखाना आला आणि पाठोपाठ ओतकामाचा कारखानाही सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांमध्ये रूपांतर झाले आणि हे कारखाने त्या कंपन्यांच्या अखत्यारीत गेले.

शिक्षणाच्या क्षेत्रातही या शहराचा वारसा जुना आहे. जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ मध्ये झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत विदर्भ आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. २००५ मध्ये येथे पंडित द्वारका प्रसाद मिश्र यांच्या नावाने भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पना आणि विनिर्माण संस्था सुरू झाली. या संस्थेच्या उभारणीत जपानचे सहकार्य होते. २०१४ च्या कायद्यान्वये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. अभिकल्पना म्हणजे रचना आणि विनिर्माण म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन. हे दोन्ही शब्द एकाच संस्थेच्या नावात असणे अर्थपूर्ण आहे, कारण कागदावरील रचना आणि कारखान्यातील वस्तू यांच्यातील अंतर हाच अभियांत्रिकीचा कळीचा प्रश्न असतो.

हे अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण याच शहरात आहे. १९८० च्या दशकात आयात केलेल्या बोफोर्स तोफेच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आधारे गन कॅरेज फॅक्टरीने ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची तोफ विकसित केली. दस्तऐवज अनेक वर्षे हाती होते. तरीही नमुना तयार करणे, चाचण्या घेणे, चाचण्यांत आढळलेले दोष शोधणे आणि दुरुस्त्या करणे यात दीर्घ काळ गेला. पहिल्या सहा तोफा सैन्याच्या स्वाधीन झाल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. आराखडा हाती असणे आणि ती वस्तू बनवता येणे यांत किती फरक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

स्पर्धांचा उगम आणि प्रसार

पुस्तकी शिक्षणाला प्रत्यक्ष रचनेची जोड देणाऱ्या स्पर्धा गेल्या अर्धशतकात विकसित झाल्या. अमेरिकेत १९७६ मध्ये साऊथ कॅरोलिना विद्यापीठात ‘बाजा’ या खडतर रस्त्यांवर धावणाऱ्या छोट्या वाहनांच्या स्पर्धेची सुरुवात झाली. जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा १९८८ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागली. त्याच परंपरेतून २००२ मध्ये आशिया-प्रशांत प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ स्पर्धा टोकियो येथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद व्हिएतनामच्या संघाने मिळवले. भारतात दूरदर्शनने या स्पर्धेची राष्ट्रीय फेरी भरवण्यास सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय फेरीचे यजमानपद २००८ आणि २०१४ अशी दोन वेळा पुण्याकडे आले. २००८ च्या स्पर्धेचा विषय तर गोविंदा आणि दहीहंडी यांवर बेतलेला होता.

जबलपूरच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळची मोठी स्पर्धा म्हणजे ‘बाजा एसएईइंडिया’. वाहन अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेने ती २००७ मध्ये सुरू केली आणि दीर्घकाळ ती धार जिल्ह्यातील पिथमपूर येथील वाहन चाचणी केंद्राच्या परिसरात भरत आली. २०१५ पासून तिला विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या गटाची जोड मिळाली. शासनाच्या पुढाकाराने २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ही सुरू झाली. तीत मंत्रालये आणि उद्योग आपल्यासमोरील प्रत्यक्ष समस्या विद्यार्थ्यांपुढे मांडतात. सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असावी, ही तिची अट विशेष उल्लेखनीय आहे.

स्पर्धेत नेमके काय शिकायला मिळते?

बाजा स्पर्धेत सर्व संघांना एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागते. त्यामुळे शक्तिशाली इंजिन विकत आणून जिंकण्याचा मार्ग बंद होतो आणि उरते ती रचनेची गुणवत्ता. आधी आराखड्याची छाननी होते. त्यानंतर रचना, खर्च आणि विक्री यांविषयी परीक्षकांसमोर सादरीकरण करावे लागते. पुढे वेग, चढण, वळण यांच्या चाचण्या होतात आणि शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते.

एक उदाहरण पाहू. चालकाभोवतीच्या संरक्षक सांगाड्याच्या मुख्य नळ्यांसाठी नियम साधारणतः असा असतो, की सुमारे २५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी नळीइतका वाकण्यास विरोध आणि तितकीच मजबुती असली पाहिजे. अशा नळीचे वजन मीटरमागे सुमारे १.६५ किलो भरते. आता व्यास २९ मिलिमीटरच्या थोडा वर नेला आणि जाडी १.६५ मिलिमीटरवर आणली, तर वाकण्यास होणारा विरोध तेवढाच राहतो. वजन मात्र मीटरमागे सुमारे १.१२ किलोवर येते. कारण धातू मध्यरेषेपासून जितका दूर, तितका तो वाकण्यास अधिक विरोध करतो. सांगाड्याला ३० मीटर नळी लागते असे गृहीत धरल्यास सुमारे १६ किलो वजन वाचते.

परंतु गणित येथे संपत नाही. साध्याच पोलादाची पातळ नळी घेतली तर तिची मजबुती मूळ नळीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते. ती भरून काढण्यासाठी अधिक मजबूत मिश्र पोलाद घ्यावे लागते आणि ते महाग असते. पातळ नळीच्या वेल्डिंगला कुशल हातही लागतो. वाचलेल्या वजनासाठी किती पैसे मोजायचे, हा प्रश्न आता अर्थशास्त्राचा झाला. खर्चाच्या सादरीकरणात परीक्षक तोच विचारतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एकाच प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर असते. येथे तीन-चार उत्तरे शक्य असतात आणि निवडलेल्या उत्तराची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

अर्थशास्त्राच्या नजरेतून

या अनुभवाचे मोल समजून घेण्यासाठी तीन संकल्पना उपयोगी पडतात. पहिली संकल्पना मानवी भांडवलाची. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात शिक्षण आणि प्रशिक्षण यांवरील खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहिले. दुसरी संकल्पना ‘करता करता शिकणे’ ही होय. उत्पादनाच्या अनुभवातूनच उत्पादकता वाढते, हे केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडले. तिसरी संकल्पना संकेतनाची. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, उमेदवाराची क्षमता मालकाला थेट दिसत नसल्याने तो पदवीसारख्या संकेतांवर अवलंबून राहतो.

रचना स्पर्धेला पहिल्या दोन संकल्पना लागू पडतात की केवळ तिसरी? एखाद्या विद्यार्थ्याने नाममात्र सहभाग घेऊन प्रमाणपत्र मिळवले, तयार सुटे भाग विकत आणून जोडले आणि अहवाल मागील वर्षीच्या संघाचा उतरवला, तर ते प्रमाणपत्र म्हणजे पोकळ संकेत ठरतो. याउलट, तुटलेला आस पाहून तो का तुटला हे ज्याने शोधले, त्याच्याजवळ खरे मानवी भांडवल तयार झालेले असते. मुलाखत घेणाऱ्याला हा भेद ओळखणे कठीण नसते. ‘तुमच्या वाहनात काय बिघडले आणि तुम्ही काय केले?’ हा एकच प्रश्न त्यासाठी पुरेसा असतो.

खर्चाचा प्रश्न

येथपर्यंत स्पर्धेची जमेची बाजू पाहिली. परंतु ही गुंतवणूक करतो कोण? समजा, पंचवीस जणांच्या संघाला वाहनासाठी सहा लाख रुपये लागतात आणि निम्मी रक्कम प्रायोजकांकडून मिळते. उरलेले तीन लाख वाटून घेतल्यास प्रत्येकी बारा हजार रुपये होतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु मंडला किंवा गोंदिया जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीला एवढी रक्कम म्हणजे सत्राच्या खानावळीचा खर्च ठरू शकते. याखेरीज वाहन ट्रकवर चढवून जबलपूरहून सुमारे ५०० किलोमीटर दूरच्या पिथमपूरला न्यावे लागते. ज्या महाविद्यालयाच्या कर्मशाळेत लेथ यंत्र धड चालत नाही, तेथील संघाला प्रत्येक भाग बाहेरून करून घ्यावा लागतो.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्यलाभ म्हणतात, तो येथे दिसतो. प्रशिक्षित अभियंत्याचा लाभ त्याच्या भावी मालकाला आणि समाजाला मिळतो. खर्च मात्र बव्हंशी कुटुंब सोसते. अशा स्थितीत आवश्यकतेपेक्षा कमी गुंतवणूक होते आणि संधी ऐपतीनुसार वाटली जाते. स्पर्धेच्या मैदानावर इंजिन सर्वांना सारखे मिळते. मैदानापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र सर्वांना सारखी नसते. स्पर्धांच्या गौरवात हा मुद्दा झाकला जाऊ नये.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे स्पर्धेतील कामाला अभ्यासक्रमात स्थान देणे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी लागणारी श्रेयांके २२० वरून १६० वर आणली आणि प्रकल्प तसेच प्रशिक्षणार्थी कामावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. स्पर्धेचे काम श्रेयांकात धरले, तर त्याचा खर्च हा विद्यार्थ्याच्या हौसेचा खर्च न राहता संस्थेच्या शिक्षणखर्चाचा भाग होईल.

दुसरी गोष्ट सामायिक कर्मशाळांची. जबलपूरसारख्या शहरात जुने कारखाने, शासकीय महाविद्यालय आणि राष्ट्रीय महत्त्वाची संस्था एकाच ठिकाणी आहेत. आठवड्यातून ठरावीक वेळ लहान महाविद्यालयांच्या संघांना यंत्रे आणि अनुभवी कारागिरांचे मार्गदर्शन मिळाले, तर अल्प खर्चात मोठा लाभ होईल. निवृत्त कारागिराच्या हातातील कौशल्य पुस्तकात सापडत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे अपयशाची नोंद. प्रत्येक संघाने काय मोडले, का मोडले आणि पुढे काय बदलले, याचा अहवाल पुढील तुकडीला द्यावा आणि त्यालाही गुण असावेत. अन्यथा दरवर्षी नवा संघ जुन्याच चुका नव्या पैशाने विकत घेतो.

समारोप

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांना हा विषय मानवी भांडवल, कौशल्य विकास आणि समन्यायी संधी या तिन्ही घटकांना जोडणारा म्हणून उपयुक्त वाटेल. उत्तर लिहिताना स्पर्धांची केवळ यादी देऊ नये. लाभ, खर्च आणि त्यांची वाटणी अशी मांडणी करावी.

या स्पर्धांत विजयी होणारे संघ मोजकेच असतात. बाकीचे विद्यार्थी रिकाम्या हाताने परततात असे वाटते. परंतु रचना, हिशेब, मुदत आणि चूक सुधारण्याची सवय त्यांच्याबरोबर येते आणि ती पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत उपयोगी पडते. ही सवय ऐपतीवर अवलंबून न राहता गुणवत्तेनुसार मिळावी, हे पाहणे शिक्षणसंस्थांचे आणि शासनाचे काम आहे.