नाण्यावरचें नांव आणि नाण्याचा काळ



पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांत म्हशाची जत्रा भरते. बैलांच्या दावणी आणि घोंगड्यांचीं दुकानें हा तिचा खरा पसारा; परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एका कडेला फडकें पसरून बसलेल्या फेरीवाल्यापाशीं मला चांदीचा एक जाड, वेडावांकडा रुपया मिळाला. त्यावर फार्सी अक्षरें होतीं. उर्दू-फार्सी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांनीं तींतून 'शाह आलम' हें नांव काढून दिलें, आणि मीं रुपया डबींत ठेवून वर ऐटीनें चिठ्ठी डकविली : 'मोंगल'. चांगलीं चार वर्षें ती चिठ्ठी तशीच होती.

नाणीं जमविणारे लोक प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन ढोबळ कालखंड मानतात. प्राचीन काळांतील सर्वांत जुनीं तीं आहत नाणीं. चांदीच्या तुकड्यांवर सूर्य, डोंगर, वृक्ष अशा खुणा ठोकलेल्या. राजाचें नांव नाहीं. त्यांना कार्षापण म्हणत. आमच्या तालुक्यांतून जुन्नराकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचें लेणें आहे. तेथील शिलालेखांत यज्ञप्रसंगीं दान दिलेल्या कार्षापणांची मोजदाद आहे. मध्ययुगांत सुलतानांचे टंके, मोंगलांचे रुपये, शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई हीं येतात. अर्वाचीन म्हणजे स्थूलमानानें १८३५ नंतरचीं. त्या सालीं कंपनीनें आपल्या सर्व मुलखासाठीं चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा एकच रुपया काढला. पुढें १९५० चीं प्रजासत्ताकाचीं नाणीं व १९५७ चे नवे पैसे आले.

कागदावर हें सोपें वाटतें. नाणें मात्र कप्प्यांत निमूटपणें बसेल तर शपथ!

नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेला सांठा पाहा. सुमारें १३,२५० नाणीं, सर्व चांदीचीं, क्षत्रप नहपान याचा मुखवटा असलेलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानें, तीं न वितळवितां, आपला ठसा पुन्हां मारलेला होता. असें नाणें कोणाचें म्हणावें? संग्राहकांचा दंडक असा कीं, शेवटचा ठसा ज्याचा त्याच्या कप्प्यांत नाणें जावें, आणि खालच्या ठशाची नोंद चिठ्ठींत करावी. ही नोंद क्षुल्लक नव्हे. गौतमीपुत्रानें नहपानाच्या सत्तेचा पाडाव केला, याचा ढळढळीत पुरावा या दुहेरी ठशांतच आहे. हा सांठा सोनाराच्या मुशींत गेला असता तर आपल्या हातीं नुसती चांदी राहिली असती.

शिवराईची गोष्ट निराळी. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीं अक्षरें महाराजांच्या मागून आलेल्यांनींही पेशवाईपर्यंत चालू ठेविलीं. अक्षरांच्या मध्यें दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही तर बरीच नंतरची. जत्रेंतला विक्रेता सगळ्याच शिवराया 'महाराजांच्या काळच्या' म्हणून विकतो. त्याला दोष काय द्यावा, नांव तेंच आहे!

माझ्या रुपयाची हीच गत होती. एका जाणत्या मित्रानें भिंग धरून अक्षरांच्या बाजूची एक छोटी आंकडेवजा खूण मला दाखविली. तो हत्तीचा अंकुश. अठराव्या शतकांत दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली, तरी बादशहाच्या नांवाच्या रुपयावर बाजाराचा विश्वास होता. म्हणून पेशव्यांच्या टांकसाळींनीं नांव बादशहाचेंच ठेविलें आणि खूण आपली उठविली. तो हा 'अंकुशी' रुपया. १८१८ त पेशवाई गेल्यावर कंपनीनेंही पुण्यास कांहीं वर्षें तोच पाडला. म्हणजे बादशहा नांवापुरता. खरा प्रश्न पेशवाई कीं कंपनी एवढाच. तो सुटतो रुपयावरील सालानें.

आणि येथें माझी चूक आड आली. हातानें ठोकलेल्या नाण्यांत ठसा मोठा व चकती लहान, त्यामुळें साल पुष्कळदां कांठावर अर्धवटच उमटतें. माझ्या रुपयावर कडेला कसल्याशा अक्षराचा पुसट उंचवटा होता. परंतु जत्रेहून आल्या संध्याकाळींच मीं तो रांगोळीनें घासून लख्ख केला होता. आतां त्या जागीं गुळगुळीत चांदी आहे. जुनी चिठ्ठी काढून मीं नवी लाविली : 'अंकुशी. पेशवाई अथवा कंपनी. साल घासलें गेलें.'